शेपटी उचलून बघण्याआधी

गेल्या पौषात आमच्या पडवीत पुठ्ठ्याचा एक खोका होता. वर ‘देवगड हापूस’ छापलेलं, आत सहा पिल्लं. दिवाळीनंतर मागच्या मांगरात, शेणी आणि नारळाच्या सोडणांच्या मध्ये एक गावठी कुत्री येऊन व्याली होती. ती कोणाची, हे विचारण्यात अर्थ नव्हता. वाडीतल्या चार घरांत तिला भात मिळायचा, आणि व्याल्याबरोबर ती चारांपैकी एकाही घराची राहिली नाही.

पिल्लं दोन महिन्यांची झाली तशी माणसं येऊ लागली. गडग्याच्या कामाला आलेला गवंडी, पलीकडच्या वाडीतले आबा, मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला माझा पुतण्या. सगळ्यांची रीत एकच. मानेची कातडी धरून पिल्लू उचलायचं, दोन बोटांनी शेपटी वर करायची आणि बघायचं. नर असेल तर पोटाशी धरायचा, मादी असेल तर परत खोक्यात. गवंड्याने तर सरळच विचारलं, “काकी, झील खंयचे ह्यातले?” झील म्हणजे मुलगे, इथे नर. मी म्हटलं, “ती भुरी घे. सगळ्यांत हुशार तीच आसा.” तो हसला. “चेडू नको गो. वर्साक पिल्लां, आणि दारात अख्ख्या गावचे कुत्रे. कोण निस्तरतलो?”

आठ दिवसांत तिन्ही नर गेले. तिन्ही माद्या खोक्यात.

गवंड्याचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. कोण निस्तरणार, हाच खरा प्रश्न आहे. फक्त तो त्याने मादीपुरता विचारला. नर घरी नेताना त्याने तो विचारला नाही, आबांनी नाही, माझ्या शिकलेल्या पुतण्यानेही नाही. कारण उघड आहे. मादी पाळली की होणारा त्रास आपल्या अंगणात होतो. नर पाळला की तो दुसऱ्याच्या अंगणात होतो, रस्त्यावर होतो, किनाऱ्यावर होतो. कुत्रा की कुत्री हा आपण घरचा प्रश्न समजतो आणि घरापुरता विचार केला तर नर स्वस्त पडतोच. बिल गावाच्या नावावर फाटतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. नसबंदीचं ऑपरेशन करायचं नसेल तर दोन्ही पाळू नका. करायची तयारी असेल तर मादी घ्या.

आता हे म्हणायचा मला अधिकार आहे का, असं कोणी विचारील. आहे, कारण मी स्वतः आठ वर्षं नर पाळला आणि तो न खच्ची करता पाळला. मोत्या त्याचं नाव. देखणा, तांबूस, छाती भरलेली. राखण करायचा असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. खरं सांगायचं तर राखण करायचा ते भाद्रपद लागेपर्यंत. आपल्या भाषेत ‘भाद्रपदातला कुत्रा’ ही शिवी उगाच आलेली नाही. गावठी कुत्र्या साधारण पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात, आणि माजावर आलेल्या कुत्रीचा वास नराला फार लांबून लागतो. गणपतीत घरात वीस माणसं, दागिने, कपाटं उघडी, आणि राखणदार पाच पाच दिवस बेपत्ता. परत यायचा तेव्हा कान फाटलेला, पाय लंगडा, मानेत दातांच्या खुणा. एका वर्षी घशाखालची जखम चिघळून किडे पडले. टर्पेंटाइनचे बोळे घालून चिमट्याने एकेक किडा काढत मी चतुर्थीची दुपार घालवली आहे. मोदक जाऊबाईंनी वळले.

पुढे त्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडायला लागले. आम्हाला वाटलं, मार लागला. गुरांच्या डॉक्टरांनी कातडी मागे सारून दाखवलं. आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखी लालभडक गाठ. हा कर्करोगच, पण विचित्र जातीचा. जुगताना एका कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशी दुसऱ्याच्या अंगावर रुजतात आणि तिथे वाढतात. जिथे कुत्रे मोकळे फिरतात आणि मोकळे जुगतात तिथे तो सर्रास दिसतो. औषध आहे. व्हिन्क्रिस्टीन नावाचं इंजेक्शन आठवड्याला एक, शिरेतून. मोत्याला पाच लागली आणि तो बरा झाला. पण त्या गाठीसह तो गावातल्या किती कुत्र्यांकडे जाऊन आला होता, त्याचा हिशेब आम्ही कधी केला नाही. त्यातली एकही ‘आमची’ नव्हती ना. आठव्या वर्षी भाद्रपदातच गेला तो आला नाही. बिबट्याने नेला की गाडीखाली गेला, कळलं नाही.

मोत्यामुळे जगात किती पिल्लं आली असतील? आमच्या पडवीत एकही जन्मलं नाही, एवढंच मला ठाऊक. यालाच आम्ही ‘नराचा काही त्रास नाही’ म्हणायचो.

नर-मादीत फरक काय, हे विचारणाऱ्यांना मी दोन-चार गोष्टी सांगते. नर थोडा मोठा आणि जड होतो. तंगडी वर करून खुणा करत फिरतो, आणि आपल्याकडे त्या खुणांचा पहिला मान तुळशीवृंदावनाला. पहाटे तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईला विचारा नर की मादी, ती काय उत्तर देते ते ऐका. मादी बसून एकदा मोकळी होते, तिचा प्रश्न तिथे संपतो. स्वभावाबद्दल मात्र लोक जे ठामपणे सांगतात, की नर शूर, मादी प्रेमळ, नर हट्टी, मादी लबाड, त्यातलं बरंच आपलं माणसांबद्दलचं मत कुत्र्यावर चिकटवलेलं असतं. पिल्लू तीन आठवड्यांचं असल्यापासून साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याने काय पाहिलं, किती माणसांनी त्याला हातात घेतलं, आईजवळ किती दिवस राहिलं, यावर त्याचा स्वभाव शेपटीखाली काय आहे त्यापेक्षा जास्त ठरतो. महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून पिशवीतून नेणाऱ्याने पुढे कुत्रा चावरा निघाला म्हणून रडू नये. दोन महिने तरी आईजवळ राहू द्यावं.

आणि राखणीचं म्हणाल तर आमच्याकडे चोरांपेक्षा माकडं जास्त. शहाळी पाडतात, फणस कोवळा असतानाच टोचतात, कौलं फोडतात. रात्री डुकरं येतात. त्यांच्या मागे धावायला नर लागत नाही. मांगरात व्यालेली ती कुत्री, तिला आम्ही नंतर बाळी म्हणायला लागलो, पिशवी काढल्यानंतर दोन महिन्यांत माडावरून माकड उतरवत होती. परक्याच्या अंगावर भुंकणं हा राखणीचा गुण, त्याचा गर्भाशयाशी संबंध नाही. उलट ती भाद्रपदातही घरीच असते.

मादीचे तोटे मी लपवणार नाही. ऑपरेशन केलं नाही तर ती सहा महिने ते वर्षाची होताना पहिल्यांदा माजावर येते. साधारण तीन आठवडे ते चालतं. आधी रक्त, मग नरांची रांग. गडग्यावर, पाणंदीत, बावीच्या काठावर आठ-दहा नर आठवडाभर मुक्कामाला. रात्रभर गुरगुर. शाळेची पोरं तिथून जायला घाबरतात. दारं लावून कोंडाल तर ती कौलाच्या फटीतून जाईल. बाळीच्या बाबतीत असंच झालं असणार. भरली की 63 दिवसांच्या आसपास व्यायची, चार-सहा पिल्लं, त्यातली काहींचे बाप वेगवेगळे असू शकतात. म्हातारपणी माज होऊन गेल्यावर गर्भाशयात पू साठण्याचा आजार होतो. तहान वाढते, खाणं सुटतं, आणि वेळेत पोट उघडलं नाही तर कुत्री जाते. स्तनांच्या गाठीही ऑपरेशन न केलेल्या माद्यांतच जास्त. गवंड्याची भीती खोटी नाही. पण या यादीतलं जवळपास सगळं एका ऑपरेशनने थांबतं. ते एकदाच करायचं असतं.

‘मग नरालाच खच्ची करा की, ते सोपं आणि स्वस्त’ असं मला अनेकांनी सुनावलं. सोपं आहे, कबूल. मादीचं पोट उघडावं लागतं, नराचं नाही. खच्ची केलेला नर कमी भटकतो, कमी भांडतो, तुळशीवरही थोडी कृपा करतो. ज्यांच्याकडे नर आहे त्यांनी हे करावंच. पण गावाचा हिशेब वेगळा आहे. वाडीत दहा नर आहेत आणि नऊ खच्ची केले असं धरा. वाडीतल्या पाचही माद्या दहाव्याकडून भरतील. त्या नऊ ऑपरेशनांनी पिल्लांच्या संख्येत काहीच फरक पडणार नाही. पाचांतल्या चार माद्यांची पिशवी काढली तर मात्र त्या वर्षी एकच वेत होईल, दहाच्या दहा नर मोकळे असले तरी. गाईगुरं पाळलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. कळपात वळू एक असतो, आणि वासरं गाई मोजून होतात.

आणि नेमक्या त्याच आपण खोक्यात ठेवून जातो.

इथे मुलींच्या नकोसेपणाशी तुलना करायचा मोह होतो. मी तो आवरते, कारण आमच्या भागात ती बसत नाही. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या, सिंधुदुर्गातही हजाराच्या वर. पुरुष मुंबईला गेले आणि घरं बायकांनी सांभाळली, म्हणून. ज्या गावात बाया घर, शेत, देव, कज्जे सगळं चालवतात त्या गावात राखणीला मात्र झीलच हवा, याची मला गंमत वाटते, एवढंच.

उरलेल्या तीन माद्यांचं काय झालं ते सांगते. एक मासे घेऊन येणारी बाई घेऊन गेली, सुकवण घालते तिथे कावळ्यांवर नजर ठेवायला. भुरी मी ठेवली, तिचं नाव चिमी. तिसरी एका ओळखीच्या घराने नेली. नाव घेत नाही. सांभाळतो म्हणाले, मी ऑपरेशनचे अर्धे पैसे देते म्हटलं त्यालाही हो म्हणाले. फाल्गुनात मी किनाऱ्यावर गेले तर रापणीच्या होड्यांखाली ती बसलेली. बरगड्या मोजता येत होत्या. विचारलं तर उत्तर आलं, “थंय मासळी गावता तिका. भुकी ऱ्हवाची नाय.”

हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे. किनारा म्हणजे नको असलेल्या माद्यांचं माहेर. मासळीची डोकी, रापणीतून टाकून दिलेली बारीक मासळी, चिकनच्या दुकानामागचा कचरा, पर्यटकांच्या ताटातलं उरलेलं. खरंच ती भुकी राहत नाही. पण खोक्यातल्या पिल्लांच्या जन्माची वेळ बघा. भाद्रपदात भरलेली कुत्री कार्तिकात व्याते, पिल्लं पौष-माघात किनाऱ्यावर पोचतात. आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च हाच आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणींचा अंडी घालायचा काळ. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून बुजवून निघून जाते. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. तोवर त्या खड्ड्याचा वास कोल्ह्याला लागतो आणि कुत्र्याला लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी गावकऱ्यांबरोबर कासवांचं काम सुरू केलं, ते अंडी चोरणाऱ्या माणसांपासून आणि उकरणाऱ्या जनावरांपासून घरटी वाचवायलाच. आमच्याकडे वायंगणीलाही घरट्यांभोवती जाळी ठोकावी लागते. माघात टाकलेलं पिल्लू त्या वर्षी घरटं उकरत नाही. पुढच्या वर्षी उकरतं. एका हाताने आपण कासव महोत्सवाचे फलक लावतो आणि दुसऱ्या हाताने त्याच वाळूत पिल्लांची गोणी मोकळी करतो.

परवा कार्तिकात पुन्हा गेले होते. होड्यांखाली तीच. तिच्यामागे पाच पिल्लं. मी जवळ गेले तशी दात दाखवत अंगावर आली. मला ओळखायला हवं होतं अशी माझी अपेक्षा, पण पिल्लांची आई कोणालाच ओळखत नाही. दोन पावलं मागे सरून मी उभी राहिले तेव्हा कळलं, ‘किनाऱ्यावरची कुत्री चावरी झाली आहेत’ ही जी तक्रार पंचायतीत येते ती बऱ्याचदा अशाच एखाद्या व्यालेल्या कुत्रीबद्दल असते. पिल्लंच नसती तर ती दात कशाला दाखवती?

भटक्या कुत्र्यांवर गेल्या वर्षभरात देशात जेवढं बोललं गेलं तेवढं कधी बोललं गेलं नसेल. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्लीतले कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं, मग 22 ऑगस्टला तो आदेश बदलून नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेले आणि चावरे वगळता, जिथून उचलले तिथेच सोडा म्हटलं आणि विषय सगळ्या राज्यांना लागू केला. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातले कुत्रे तिथे परत सोडू नका, असं सांगितलं. यावर दोन तट पडले. एक कुत्रेवाल्यांचा, एक माणसांचा, असं टीव्हीवर दाखवतात. आमच्या वाडीत हे तटच लागू होत नाहीत. इथे कुत्रा धड भटका नसतो, धड पाळीव नसतो. भात चार घरचा, झोप मंदिराच्या पायरीवर, आणि चावला की ‘आमचो नाय’. 2023च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर आणि पाळीव कुत्र्याच्या लशीची व नसबंदीची मालकावर टाकली आहे. आमचा कुत्रा या दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो. दोन्ही तट भांडतात ते रस्त्यावर दिसणाऱ्या कुत्र्यांचं काय करायचं यावर. तो रस्त्यावर आला कुठल्या पडवीतून, हे कोणी विचारत नाही. सगळ्या पडव्यांनी आपापली मादी आणि तिची पिल्लं सांभाळली असती तर न्यायालयाला यात पडायची गरजही कमी भासली असती.

रेबीजचं तर वेगळंच. त्याची लस नर-मादी बघत नाही. तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दर वर्षी एक. गावातल्या दहातल्या सात कुत्र्यांना लस असेल तर साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाला गोव्याने हे करून दाखवलं. तिथे घरोघर आणि रस्तोरस्ती फिरून, जाळ्या घेऊन लशी टोचल्या, आणि 2021मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला. बांदा ओलांडलं की गोवा. हे तिकडे जमतं आणि इकडे जमत नाही यामागे हवामानाचं कारण नसावं.

पण लशीचंही गणित माद्यांपाशीच येतं. दर कार्तिकात गावात नव्याने पन्नास पिल्लं आली तर सातांचे पुन्हा चार होतात, आणि पुढच्या वर्षी शिबीर पहिल्यापासून.

आता ऑपरेशन. हे सांगताना मला शहाणपणा करायचा नाही, कारण आमच्याकडे ते सोपं नाही. बाळीसाठी मी जवळच्या एका दवाखान्यात गेले. पहिल्या खेपेला भूल द्यायचं औषध नव्हतं, दुसऱ्या खेपेला डॉक्टर दौऱ्यावर. तिथे दोष कोणाला द्यायचा? एक माणूस, त्याच्याकडे गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, आणि रिकाम्या खुर्च्या दोन. शेवटी भाड्याची रिक्षा करून कुडाळला गेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, आणि ते त्यांनी केलं हे फार बरं झालं. आमच्या दमट हवेत गोचीड बाराही महिने. गोचिडाच्या तापाने बाळीच्या रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या होत्या. तसंच पोट उघडलं असतं तर रक्त थांबलं नसतं. चार आठवडे गोळ्या, मग पुन्हा रक्त, मग ऑपरेशन. रिक्षा, तपासण्या, औषधं धरून माझे साडेसहा हजार गेले. हे पैसे मला परवडले. वाडीतल्या प्रत्येकाला परवडतील असं मी म्हणणार नाही.

गळ्यात घालायचा प्लास्टिकचा नरसाळा तिने पहिल्याच रात्री गडग्यावर आपटून फोडला. मग पुतण्याचा जुना टी-शर्ट तिला घातला. पुढचे पाय बाह्यांतून, शेपटीला मागे गाठ. दहा दिवस ती त्या शर्टात वाडीभर फिरली. पाठीवर एका क्रिकेट स्पर्धेचं नाव आणि 7 आकडा. पोरं तिला धोनी म्हणायची. टाके कोरडे राहायला हवेत म्हणून हे पावसाळ्यात करू नये, एवढं एक मी सगळ्यांना सांगते. चिमीचं चैत्रात केलं. ती पाच महिन्यांची, पहिला माज यायच्या आधी. तिला तर दुसऱ्या दिवशी काही झाल्याचं आठवतही नव्हतं.

‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, मग करावं’ असं जे म्हणतात त्याला वैद्यकीय आधार नाही. आई न झाल्याचं दुःख कुत्रीला होत नाही. ते आपल्याला होतं. ‘जाड होते’ हे मात्र खरं. ऑपरेशननंतर तिला खाणं कमी लागतं आणि आपण तेवढाच भात घालत राहतो. बाळीचा भात मी चौथाईने कमी केला. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातीच्या, उतारवयात झोपेत लघवी गळायचा त्रास होतो, त्याला औषध आहे. आणि ज्यांनी मुंबईहून लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड आणला आहे त्यांनी माझं ऐकून पाचव्या महिन्यात धावू नये. मोठ्या जातींची हाडं भरायला वेळ लागतो, त्यांचं वर्ष उलटल्यावर डॉक्टरांना विचारून करावं. तसंच घरात आधीच एक मादी असेल तर दुसरी आणताना विचार करावा, दोन माद्यांचं घरात पटलं नाही तर ते भांडण टोकाला जातं. अशा घरात खच्ची केलेला नर बरा. माझं मादीचं म्हणणं डोळे मिटून पाळायचं नाही.

‘देवाने दिलेलं काढायचं हे पाप’ असंही एक आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, भैरवाचं वाहन कुत्रा, त्यामुळे आमच्याकडे कुत्र्याला दगड मारतानाही माणूस दोनदा विचार करतो. पण माघात गोणी उचलणारे हातही तेच असतात. पिशवी काढणं पाप आणि पिल्लं वाळूत सोडणं पुण्य, हा हिशेब कुठल्या भैरवाने सांगितला ते मला कळत नाही. निसर्गाचं म्हणाल तर कुत्रा हजारो वर्षांपूर्वीच रान सोडून आपल्या उकिरड्यापाशी आला. तो आपल्या ताटातलं खातो. त्याच्या संख्येचा हिशेब ताटवाढ्यानेच ठेवायचा.

मी पंचायतीला काय मागते आहे ते थोडक्यात. तीन-चार हजार वस्तीच्या गावाने कुत्र्यांचा निवारा बांधावा अशी अपेक्षा वेडेपणाची आहे. पण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्षातून एक पंधरवडा माद्यांच्या ऑपरेशनचं शिबीर होऊ शकतं. पंधरवडा कोणता हेही ठरलेलं आहे. मेअखेर डॉक्टर गुरांच्या घटसर्पाच्या लशींत अडकतात आणि पुढे पाऊस. कार्तिकात जन्मलेल्या माद्या चैत्रात पाच महिन्यांच्या होतात, माज यायच्या आत. म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल. बाहेरून दोन सर्जन बोलवावे लागतील, आधी रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतील, त्याचा खर्च काही पंचायतींनी मिळून वाटून घ्यावा. मादी आणणाऱ्याकडून पैसा घेऊ नये. नर आणणाऱ्याकडून घ्यावा. हे ऐकून आमच्या वॉर्डातले सदस्य म्हणाले, “हा भेदभाव झाला.” म्हटलं, झालाच. आजवर उलटा होता.

26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी लेखी अर्ज दिला आहे, सोबत वाडीतल्या एकोणीस सह्या. त्यातली एक गवंड्याची. त्याने खोक्यातून नेलेला झील गेल्या भाद्रपदात अकरा दिवस गायब होता, आला तो एका डोळ्याने. ग्रामसेवकांनी अर्ज वाचला, दोनदा वाचला, शिक्का मारला आणि विषयपत्रिकेत घातला. नळपाणी योजना, स्मशानशेड, रस्त्यावरचे दिवे, आणि सगळ्यांत शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’. त्यात आम्ही.